हलकी बंदूक निवडतांना

मार्व्याच्या धक्क्यावरून मनोरीस येणाऱ्या होडींत गेल्या भाद्रपदांत एक तरुण शेतकरी माझ्या शेजारीं बसले होते. मनोरीस त्यांची भाजीपाल्याची वाडी आहे व रत्नागिरी जिल्ह्यांत वडिलोपार्जित भातजमीन आहे. तिकडे पीक दाण्यावर आलें कीं रानडुकरांचा कळप एका रात्रींत वर्षाची मेहनत मातींत घालतो, हें सांगतांना त्यांचा कंठ दाटून आला. मग त्यांनीं मोबाइलवर एका अमेरिकन लिव्हरच्या कार्बाइनचें चित्र दाखविलें व विचारलें, “काका, ही वजनाला हलकी आहे, भराभर उडते, घेऊं कां?” महसूल खात्यांतील कारकुनींत परवान्यांचीं प्रकरणें माझ्या हाताखालून पुष्कळ गेलीं. त्यांना होडींत जें सांगितलें, तेंच येथें थोडें विस्तारानें देत आहें. कारण हा प्रश्न आणखीही वाचकांच्या मनांत असावा.

प्रथम ही बंदूक कशी असते तें पाहूं. चापाभोंवतींचें लोखंडी कडें हीच तिची लिव्हर. ती खालीं ओढून पुन्हां वर घेतली कीं रिकामें काडतूस बाहेर पडतें, घोडा चढतो आणि नवें काडतूस नळींत बसतें. अमेरिकेंत विंचेस्टर कंपनीचे १८६६ व १८७३ चे नमुने यामुळेंच नांवाजले. पुढें जॉन ब्राउनिंग यांनीं १८९२ व १८९४ चे अधिक बळकट नमुने आखले. वीस इंची नळीची १८९४ ची कार्बाइन सुमारें तीन किलो भरते. घोड्यावरून वा दाट झाडींतून नेण्यास ती सोयीची, म्हणून तिकडे हरणाच्या शिकारींत तिचा फार प्रसार झाला.

गुण आहेत तसे दोषही आहेत. बंदूक जितकी हलकी, तितका त्याच काडतुसाचा धक्का खांद्यास अधिक बसतो. या बंदुकींत काडतुसें नळीखालच्या नळकांड्यांत एकामागें एक राहतात. त्यामुळें कठीण टोकदार गोळी भरल्यास तिचें टोंक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आपटून आंतल्या आंत स्फोट होण्याचें भय असतें. म्हणून तिच्यासाठीं चपट्या तोंडाच्या गोळ्या वापरतात. शिवाय जुन्या नमुन्यांत बंदूक रिकामी करावयाची म्हणजे लिव्हर चालवून प्रत्येक काडतूस नळींत घेऊनच बाहेर काढावें लागतें. अंधारांत थकलेल्या माणसानें हें काम करणें धोक्याचें आहे.

आतां कायद्याकडे वळूं. १८७८ चा जुना कायदा जाऊन १९५९ चा शस्त्र अधिनियम आला. त्याच्या तेराव्या कलमांत शेतकऱ्याचा स्पष्ट विचार केला आहे. पीकरक्षणाच्या खऱ्या गरजेसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि तेवढ्यानें भागणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास किमान वीस इंच नळीच्या, आंतून गुळगुळीत अशा दुसऱ्या बंदुकीचा परवाना देतां येतो. बारा बोअरची बंदूक या वर्गांतली. कार्बाइनच्या नळींत मात्र आंटे असतात. म्हणून ती या सवलतींत बसत नाहीं, तिच्यासाठीं निराळें सबळ कारण दाखवावें लागतें. परदेशांतून नवी बंदूक आणविणेंही सामान्य नागरिकास आज मोकळें नाहीं. म्हणजे जी कार्बाइन मिळेल ती बहुधा कोणाची तरी जुनी, व तिचीं काडतुसें मिळविणें हा नित्याचा घोर.

मनोरी बृहन्मुंबईच्या हद्दींत असल्यामुळें येथील रहिवाशाचा अर्ज पोलिस आयुक्तांकडे जातो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत तो जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हें हातांत पडतांच वाचून घ्यावें. राहणें एकीकडे व शेत दुसरीकडे असल्यास दोन्ही ठिकाणांचा उल्लेख आधींच मागावा. २०१९ च्या दुरुस्तीनें एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवतां येतात व परवान्याची मुदत तीनऐवजीं पांच वर्षें झाली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वयें आज हौसेची शिकार बंद आहे. त्याच कायद्याच्या अकराव्या कलमान्वयें, उभ्या पिकास धोका करणाऱ्या ठराविक प्राण्यांबाबत वनखात्याचा अधिकारी कारणें नमूद करून लेखी परवानगी देऊं शकतो. महाराष्ट्रांत रानडुक्कर व नीलगाय यांच्या उपद्रवाबाबत असा अर्ज वनखात्याकडे करतां येतो. दोन कागद निराळे, दोन कचेऱ्या निराळ्या. एक हातीं आहे म्हणून दुसऱ्याची वाट न पाहतां बार काढणारा फिर्यादीचा आरोपी होतो. नुकसानभरपाईचा अर्जही राहूं देऊं नये. नांगर घालण्यापूर्वीं पंचनामा करून घ्यावा.

नोकरींतील एक प्रसंग मला विसरतां येत नाहीं. एका गांवीं राखणीस बसलेल्या शेतकऱ्यानें भातांत सळसळ ऐकली आणि आवाजाच्या रोखानें बार काढला. तेथें डुक्कर नव्हतें; भाकरी घेऊन येणारा धाकटा भाऊ होता व त्याचा कंदील वाऱ्यानें विझला होता. छर्रे मांडींत गेले. जीव वांचला, परंतु पाय जन्माचा अधू झाला. जबाब लिहून घेतांना थोरला भाऊ एकच वाक्य पुन्हां पुन्हां बोलत होता, “मला वाटलें डुक्कर.” त्या दिवसापासून बंदुकीची चौकशी करणाऱ्यास मी प्रथम विजेरी कोणती घेतली तें विचारतों. जनावर डोळ्यांनीं ओळखूं आल्याशिवाय व त्याच्या पाठीमागें काय आहे हें कळल्याशिवाय चापाकडे बोट नेऊं नये. लहानशी बावीस बोअरची गोळीसुद्धां मैलाहून अधिक जाऊं शकते, कार्बाइनची त्याहून पुढें. छऱ्यांचा जोर त्या मानानें लवकर ओसरतो. मनोरीसारख्या दाट वस्तीच्या, खाडीकांठच्या गांवांत तर गोळीच्या बंदुकीचा विचारच करूं नये.

मग घ्यावी कोणती? शेतासाठीं माझा कौल बारा बोअरच्या साध्या बंदुकीस आहे. ती मधून उघडली कीं भरलेली आहे कीं रिकामी, हें शेजारच्यासही दिसतें. पसंत करतांना डोळे मिटून ती खांद्यास लावावी. डोळे उघडल्यावर नजर सरळ नळीवरून गेली तर दस्ता आपल्या मापाचा समजावा. जुनी असल्यास नळीच्या मागच्या तोंडांतून उजेडाकडे पाहावें. आंत खड्डे वा गंजाचे डाग दिसल्यास ती घेऊं नये. लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या जुन्या नक्षीदार नळ्यांत आजचीं काडतुसें घालूं नयेत. पासष्ट मिलिमीटरच्या घरांत सत्तर मिलिमीटरचें काडतूस बसलें तरी वापरूं नये. त्यानें दाब वाढतो. वीस बोअरचें काडतूस बारा बोअरजवळ ठेवूंच नये. तें नळींत घसरून अडकतें आणि वरून दुसरें उडविल्यास नळी फुटते. समुद्राची खारी हवा लोखंड खाते, म्हणून वापर असो वा नसो, नळी पुसून तेलाचा हात फिरवावा. बंदूक एका कुलुपांत, काडतुसें दुसऱ्या कुलुपांत.

ज्यांस नेमबाजीचीच हौस आहे, त्यांनीं शेताचें निमित्त करूं नये. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास निशाणाच्या सरावासाठीं बावीस बोअरच्या रायफलीचा परवाना देण्याची तरतूद त्याच तेराव्या कलमांत आहे. १९५१ मध्यें भारतीय राष्ट्रीय रायफल संघ स्थापन झाला, तेव्हां लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले दादासाहेब मावळंकर त्याचे संस्थापक अध्यक्ष होते. कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलींत कांस्यपदक मिळविलें, तें याच बावीस बोअरवर. खेड्यांतल्या मुलांस हा मार्ग मोकळा आहे.

त्या तरुण बंधूंनीं कार्बाइनचा विचार सोडला. दिवाळींत भेटले तेव्हां त्यांनीं रत्नागिरीकडील शेजाऱ्यांसह आळीपाळीची राखण सुरू केल्याचें, वनखात्याकडे अर्ज दिल्याचें व बारा बोअरसाठीं कागद जमवीत असल्याचें सांगितलें. विजेरी मात्र त्यांनीं आधींच घेतली होती.