विरंगुळा आणि प्रमाद : व्हिडिओ गेमविषयी थोडेसे

दिवसभराची ड्युटी करून, लोकलचा धक्काबुक्कीचा प्रवास उरकून माणूस घरी येतो, हातपाय धुतो, जेवतो आणि कोपऱ्यात बसून मोबाइलवर रंगीत गोळ्या जुळवू लागतो. घरातील वडीलधारी मंडळी हे पाहून चिडतात. 'एवढा वेळ पुस्तक वाचले असतेस तर!' हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकू येते. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त अठरा तास अभ्यासाचे उपक्रम करणाऱ्या समाजात ते ऐकू यावे यात नवल नाही. तथापि चिडण्यापूर्वी ही वस्तू आहे तरी काय, थकलेल्या माणसाला ती का हवीशी वाटते, ती कोठे विसावा देते आणि कोठे गळा धरते, हे समजून घेणे बरे, या हेतूने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

उदाहरणादाखल आम्ही 'टेट्रिस' हा एकच खेळ घेतो. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना तो 'ब्रिक गेम' या नावाने आठवेल. १९९० नंतरच्या दशकात फेरीवाल्यांकडे पेन्सिल सेलवर चालणारे, करड्या पडद्याचे एक छोटे यंत्र मिळत असे. त्यावर '९९९९ खेळ' असे ठसठशीत छापलेले असे. प्रत्यक्षात मोजके खेळच वेग बदलून पुन्हा पुन्हा येत. वरून विटा पडायच्या, त्या फिरवून खाली नीट रचायच्या, एक ओळ भरली की ती नाहीशी व्हायची.

हा खेळ जन्मला मॉस्कोमध्ये, १९८४ साली. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजित्नोव्ह हे संशोधक काम करीत होते. त्यांना कोड्यांची आवड. पाच चौकोनांच्या लाकडी तुकड्यांचे जुळवाजुळवीचे एक जुने कोडे त्यांच्या डोक्यात होते. त्यांनी पाचाचे चार चौकोन केले, तेव्हा एकूण सात आकार झाले. 'इलेक्ट्रोनिका ६०' या त्यांच्या संगणकाला चित्रे काढता येत नसत; म्हणून कंसाची चिन्हे शेजारी शेजारी मांडून त्यांनी चौकोन तयार केले. पहिली अडचण अशी आली, की काही क्षणांतच पडदा भरून जाई आणि खेळ संपे. तेव्हा भरलेली ओळ पुसून टाकायची युक्ती त्यांना सुचली, आणि साऱ्या खेळाचा जीव त्या एका युक्तीत आहे. चार या अर्थाचा ग्रीक शब्द 'टेट्रा' आणि त्यांचा आवडता खेळ टेनिस यांच्या जोडीतून नाव तयार झाले.

पुढे १९८९ मध्ये जपानच्या निन्टेंडो कंपनीने 'गेम बॉय' या हातात मावणाऱ्या यंत्रासोबत हा खेळ दिला आणि तो जगभर पोहोचला. पण हक्क सोव्हिएत सरकारकडे असल्यामुळे पाजित्नोव्ह यांना १९९६ पर्यंत मानधनाचा वाटा मिळाला नाही. श्रम एकाचे आणि मिळकत दुसऱ्याची, हा अनुभव आमच्या वाचकांना नवा नसावा.

या खेळाची एक गंमत अशी, की तो जिंकता येत नाही. दहा चौकोन रुंद आणि वीस चौकोन उंच अशा जागेत विटा कितीही कौशल्याने रचल्या तरी आकार स्वैर क्रमाने येत राहिले तर कधी ना कधी अडचणीचा क्रम येतोच आणि डाव कोसळतो, हे गणितज्ञांनी सिद्ध केले आहे. (डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील एका तेरा वर्षांच्या मुलाने निन्टेंडोच्या जुन्या यंत्रावर इतका वेळ डाव चालवला, की शेवटी यंत्रच गोठले. पण तो यंत्राचा पराभव म्हणावा लागेल.) मग हरण्यासाठीच खेळायचा हा खेळ माणसाला विसावा कसा देतो?

आमच्या मते याचे उत्तर दिवसभराच्या कामाच्या स्वरूपात आहे. कारखान्यात, कार्यालयात, रुग्णालयात काम करणाऱ्याचे काम संध्याकाळी संपते, पण पुरे होत नाही. साहेब काय बोलला, कोणती फाइल राहिली, कोणी कोणत्या नजरेने पाहिले, हे सारे डोक्यात घोळत राहते. खेळात मात्र काम लहान व स्पष्ट असते आणि फळ तत्काळ दिसते. हंगेरियन वंशाचे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९७५ च्या आपल्या पुस्तकात अशा तल्लीनतेचा विचार मांडला. काम कौशल्याच्या मानाने फार सोपे असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते; दोन्ही तोलाची असली की माणूस स्वतःला विसरतो. टेट्रिसमधील वेग हळूहळू वाढतो तो हा तोल राखण्यासाठी.

दुसरे कारण मेंदूच्या मर्यादेचे आहे. डोळ्यांपुढे आकार फिरवून पाहण्याची मनाची जागा मर्यादित असते. ती विटांनी व्यापली की इतर चित्रांना तेथे वाव राहत नाही. २००९ मध्ये एमिली होम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवकांना अपघातांची भीषण दृश्ये दाखवली, अर्ध्या तासाने त्यांपैकी काहींना दहा मिनिटे टेट्रिस खेळू दिले. पुढच्या आठवड्यात ती दृश्ये आपोआप डोळ्यांपुढे येण्याचे प्रमाण खेळणाऱ्यांत कमी आढळले. हा प्रयोगशाळेतील प्रयोग होता. त्यावरून मोबाइलला औषध समजू नये. पण 'डोके जरा शांत होते' असे जे खेळणारे म्हणतात, ते अगदीच बहाणा नाही, इतके तरी मान्य करावे लागते.

येथवर सारे ठीक आहे. ब्रिक गेमचे यंत्र एकदा विकत घेतले की विकणाऱ्याचा तुमच्याशी संबंध संपत असे. २०१२ मध्ये आलेल्या 'कँडी क्रश'सारख्या खेळांनी हे गणित बदलले. खेळ फुकट, पण पाच वेळा हरलात की थांबा. एक संधी परत मिळायला अर्धा तास, नाहीतर पैसे मोजा. शिवाय बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसतो. दाणे अनियमितपणे मिळाले तर कबुतर अधिक चिकाटीने चोच मारत राहते, हे स्किनर यांनी दाखवून दिले होते. ते ज्ञान आता आपल्या खिशात येऊन बसले आहे.

येथे धम्माचा विचार काय, असा प्रश्न विहारात तरुण मुले विचारतात. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात भगवान बुद्ध ज्या खेळांपासून दूर असत त्यांची यादीच आहे: आठ घरांचा व दहा घरांचा पट, फासे, हवेत कल्पनेने मांडलेला पट, पाठीवर अक्षर काढून ओळखणे, खेळण्यातील गाडी, भिंगरी. मात्र हे श्रमणाच्या शीलाचे वर्णन आहे. गृहस्थासाठी सिगालोवाद सुत्त आहे आणि त्यात संपत्तीनाशाची सहा द्वारे सांगितली आहेत. त्यांत जुगार आहे, अवेळी भटकणे आहे आणि मेळ्या-जलशांच्या नादी लागणेही आहे. पण या शेवटच्या दोषाचे वर्णन वाचावे: नाच कोठे आहे, गाणे कोठे आहे, याचाच शोध घेत फिरणे. गाणे ऐकले म्हणून माणूस बिघडला, असे तेथे म्हटलेले नाही. दोष त्या अखंड शोधात दाखवला आहे. बाबासाहेबांनीही उत्तर आयुष्यात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे 'वेळ वाया गेला' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. आणि रक्ताळलेल्या पायांनी चंक्रमण करणाऱ्या सोण स्थविराला भगवंतांनी वीणेच्या तारेचा दाखला दिला, तो स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांनाही उपयोगी आहे.

जुगाराबाबत मात्र त्या सुत्तात कोणतीही सवलत नाही, आणि ती का नाही हे आम्हांला एका घरात पाहावे लागले. कंत्राटी कामावर असलेला चोवीस वर्षांचा मुलगा २०२३ साली रात्री 'जरा डोके हलके करायला' मोबाइलवर पैशांची रमी खेळू लागला. आधी काही शे रुपये मिळाले. मग बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे गेले, मग कर्ज देणाऱ्या ॲपचे फोन वडिलांना येऊ लागले. सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दुष्परिणाम आहेत: जिंकणाऱ्याला वैर, हरणाऱ्याला शोक, धनहानी, शब्दाला किंमत न उरणे, मित्रांत अवहेलना आणि लग्नसंबंधास नकार. यांतले पाच आम्ही त्या घरात पाहिले. सहावे, जिंकणाऱ्याचे वैर, दिसले नाही, कारण जिंकणारा कोण होता हेच कोणाला ठाऊक नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्या घराला तो उशिरा मिळाला.

पैसे न लावताही खेळ हाताबाहेर जाऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याची नोंद आहे. तेथे तास मोजलेले नाहीत. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळच पुढे येणे आणि नुकसान दिसूनही तो चालू राहणे, या खुणा सर्वसाधारणपणे बारा महिने दिसल्या तर तो आजार समजतात. तेव्हा रात्री अर्धा तास गोळ्या जुळवणाऱ्या सुनेला कोणी व्यसनी ठरवू नये, आणि परीक्षा सोडून पहाटेपर्यंत जागणाऱ्या मुलाला कोणी 'वय आहे, सुधारेल' म्हणून सोडूनही देऊ नये. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

त्या घरातील मुलाने हाच क्रमांक फिरवला होता. कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. बहीण दुसऱ्या वर्षाला आहे. रात्रीच्या जेवणानंतर तो आता वडिलांशी बुद्धिबळ खेळतो आणि बहुधा हरतो.