मुलाचा ताबा आणि भेटीचा आदेश

घटस्फोटाच्या दाव्यात मूल कोणाकडे राहील आणि दुसऱ्या पालकाला कधी भेटेल, हे नागपुरात कौटुंबिक न्यायालय ठरवते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956 नुसार पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो. मात्र सर्वांत वर मुलाचे हित. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये यशिता साहू प्रकरणात भेटीसोबत फोन आणि व्हिडिओ कॉलवरील संपर्काचाही हक्क मान्य केला.

खरी कुरबुर आदेशानंतर सुरू होते. रविवारी मुलाला न्यायचे ठरलेले असते आणि ऐनवेळी निरोप येतो: ताप आहे, परीक्षा आहे. एकदा ठीक, दर वेळी तेच झाले, तर न्यायाधीशांच्या नजरेतून सुटत नाही. पोटगी थकली म्हणून भेट रोखणे किंवा भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवणे, दोन्ही चूकच.

आदेश मोडणाऱ्याविरुद्ध अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. मालमत्तेची जप्ती, दिवाणी कैदही होऊ शकते. 1890 च्या पालक व पाल्य कायद्यातला दंड आजही हास्यास्पद आहे: सुरुवातीला कमाल शंभर रुपये, एकूण पाचशे. पण मूल हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूदही तिथेच आहे. न्यायालयाच्या अवमानाबद्दल सहा महिन्यांपर्यंत साधी कैद होऊ शकते.

आदेश गैरसोयीचा वाटला, तर तो बदलून घेण्यासाठी अर्ज करावा. अंतिम निकालावर ठरलेल्या मुदतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील करता येते. नुसते अपील दाखल केल्याने मात्र आदेशाला स्थगिती मिळत नाही.