तेल आहे, घाणा कुठे?

बुऱ्हाणपूरचे केळे ठाऊक असलेल्यांनाही घड उतरविल्यावर मागे राहणारे खोड क्वचितच दिसते. रावेरपासून बुऱ्हाणपुरापर्यंत तापीच्या खोऱ्यात ते बांधावर कुजत पडते. त्यातून धागा काढण्याचे उद्योग तेथे सुरू झाले आहेत. पण धागा काढल्यावर उरणाऱ्या गराचे काय? त्याची साखर करून ती यीस्टला खाऊ घालावी आणि यीस्टच्या पेशींत साठलेल्या मेदापासून डिझेल करावे, ही कल्पना वेडगळ मुळीच नव्हे. स्वतःच्या शुष्क वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक मेद साठविणारे सूक्ष्मजीव शास्त्रज्ञांच्या परिचयाचे आहेत. मुंबईनजीकच्या तेलाने दूषित सागरजलातून मिळालेले यारोविया लिपोलिटिका हे यीस्ट वापरलेल्या खाद्यतेलावर वाढविले असता त्यातील मेद बायोडिझेलला योग्य ठरतो, असे पुण्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखविले.

घोडे अडते ते यापुढे. तीळ घाण्यात घातला की तेल सुटते. यीस्टची पेशी तिळाहून शेकडो पटींनी लहान आणि तिची भिंत चिवट. आधी ती पाण्यातून वेगळी करावयाची, वाळवावयाची, काचेच्या मण्यांबरोबर घुसळून अथवा ध्वनिलहरींनी फोडावयाची आणि मग द्रावकाने मेद ओढून घ्यावयाचा. १९५९पासून रूढ असलेली क्लोरोफॉर्म-मिथेनॉलची रीत प्रयोगशाळेतील मोजमापास उत्तम. कारखान्यात ती विषारी आणि महाग. एकट्या वाळवण्यातच किती इंधन जळते! ओल्या पेशींतूनच मेद काढणे, किंवा तो वेगळा न करता पेशींतच त्याचे बायोडिझेल करणे, या वाटा शोधल्या जात आहेत. पण पाणी तेथेही आडवे येते.

बुऱ्हाणपूरला हे नवे नाही. १६१५च्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल निव्वळ उताराच्या बळावर शहरात आणणाऱ्या कुंडी भंडाऱ्याच्या कर्त्यांनी, भूगर्भात पाणी आहे एवढ्यावर समाधान मानले नव्हते. आमच्या काळात मात्र बियांत तेल आहे एवढ्याच भरवशावर रतनजोतीचा गवगवा झाला आणि लागवडी ओस पडल्या.

२०१८च्या राष्ट्रीय धोरणाने २०३०पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यापायी अनुदान मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाकडून एक लिटर मेद काढण्यास वीज किती, वाफ किती, द्रावक किती लागला आणि त्यातील किती परत मिळाला, याचा हिशेब सरकारने आधी मागावा, असे आमचे मत आहे. तो चंचुपात्रातला नको, बुऱ्हाणपूरच्या ओल्या गरावरचा हवा. तोवर केळी बागायतदाराला खोडाचा भाव सांगत कोणी फिरू नये.