लहान नळीतील जड गोळी : व्हिटवर्थ ते पोप

एका वेळी एकच काडतूस भरता येणाऱ्या, म्हणजेच एकबारी, रायफलीत लहान व्यासाच्या नळीतून जड गोळी डागण्याचे प्रयोग साधारणतः १८५४ ते १९०९ या काळात इंग्लंड आणि अमेरिकेत सातत्याने झाले. या काळाच्या आरंभी ०.४५ इंच व्यासाची नळी लहान मानली जात होती, तर अखेरीस प्रयोग ०.२५ आणि ०.२२ इंचांपर्यंत खाली आले होते. प्रश्न मात्र सर्वत्र एकच होता. नळी अरुंद करून गोळीचे वजन कायम ठेवले, तर गोळी लांब होते. लांब गोळीला हवेचा विरोध तुलनेने कमी होतो, त्यामुळे तिचा वेग दूरवर टिकतो आणि वाऱ्याने ती कमी सरकते. परंतु लांब गोळी हवेत कोलमडण्याचा धोकाही तितकाच वाढतो. तिला सरळ ठेवायचे तर ती स्वतःभोवती वेगाने फिरली पाहिजे, आणि हे फिरणे नळीच्या आतील सर्पिल खाचांमधून, म्हणजे पिळातून, मिळते. त्यामुळे गोळीच्या वजनाचा म्हणून मांडला जाणारा हा इतिहास वस्तुतः पिळाचा इतिहास आहे.

ब्रिटिश सैन्याच्या १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीची नळी ०.५७७ इंचाची होती आणि तिच्यात ७८ इंचांत एक फेरा इतका मंद पीळ होता. ही रायफल सुधारण्याचे काम १८५४ मध्ये मँचेस्टरचे अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडे आले, तेव्हा स्क्रूच्या आट्यांच्या प्रमाणीकरणासाठी ते आधीच प्रसिद्ध होते. बंदुका बनवण्याचा अनुभव मात्र त्यांना नव्हता. कदाचित म्हणूनच त्यांनी कारागिरांच्या परंपरेला न विचारता थेट मोजमापाला हात घातला. घराच्या आवारात त्यांनी ५०० यार्ड लांबीची बंदिस्त चाचणी-गल्ली उभारली, तिच्यात ठराविक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगले आणि प्रत्येक पडद्यावर पडलेल्या छिद्रावरून गोळी सरळ जाते आहे की डुलते आहे, हे तपासले. वाऱ्याचा हिशेब काढून टाकल्यावर जी चूक उरते ती नळीची किंवा गोळीची, हा त्यामागील विचार होता. निरनिराळ्या पिळांच्या नळ्या वापरून पाहिल्यानंतर त्यांनी ०.४५१ इंचाची षट्कोनी नळी आणि २० इंचांत एक फेरा हे प्रमाण निश्चित केले. गोळीचे वजन त्यांनी एन्फिल्डइतकेच, ५३० ग्रेन ठेवले. (ग्रेन हे बंदूकशास्त्रातील वजनाचे एकक असून ७००० ग्रेनचा एक पौंड होतो, ५३० ग्रेन म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम.) वजन तेच आणि नळी अरुंद, त्यामुळे गोळीची लांबी व्यासाच्या सुमारे तिप्पट झाली.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथील सरकारी चाचणीत ५०० यार्डांवर एन्फिल्डचे सरासरी विचलन २.२४ फूट, तर व्हिटवर्थचे ०.३७ फूट भरले. १४०० यार्डांवर एन्फिल्डची एकही गोळी लक्ष्याला लागली नाही, व्हिटवर्थचे विचलन मात्र ४.६२ फुटांवर राहिले. योगायोग असा की, ज्या एन्फिल्डला इंग्लंडमध्ये अशी मात मिळत होती, तिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांच्या वार्तेने बंगाल सैन्यातील शिपायांचा संताप त्याच महिन्यांत अनावर होत होता. चाचणीत सरस ठरूनही सैन्याने व्हिटवर्थ स्वीकारली नाही. नळी फार अरुंद आणि रायफल फार महाग, ही कारणे पुढे झाली. खरी अडचण काळ्या दारूच्या काजळीची होती. ठासणीच्या बंदुकीत काही बार उडाले की अरुंद नळीत काजळीचा थर जमतो आणि पुढची लांब गोळी गजाने ठासणे कठीण होते.

या काजळीवर सर्वांत विचारपूर्वक उपाय शोधला तो विल्यम मेटफर्ड यांनी. हे रेल्वे अभियंते १८५७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामासाठी बिहारमधील मुंगेर येथे आले, तेथील संरक्षणाच्या व्यवस्थेत गुंतले आणि प्रकृती खालावल्याने लवकरच मायदेशी परतले. खोल खाचांची गोळीला गरजच नसते, हे त्यांचे म्हणणे होते. शिसे कडक करून त्याची गोळी पातळ कागदात गुंडाळली, तर अगदी उथळ खाचाही तिला पुरेसा पीळ देतात आणि उथळ खाचांत काजळी कमी साठते. या मांडणीची परिणती पुढे १८८८ च्या ०.३०३ इंची ली-मेटफर्डमध्ये झाली. ती काडतुसांची पेटी असलेली, म्हणजे एकबारी नसलेली, रायफल असल्याने या मागोव्याच्या कक्षेबाहेर राहते.

१८७४ साली न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे आयरिश संघाच्या ठासणीच्या रायफलींवर अमेरिकी संघाने मागून भरण्याच्या एकबारी रायफलींनी ९३४ विरुद्ध ९३१ असा निसटता विजय मिळवला आणि ठासणीचे युग जवळपास संपले. त्यानंतर १८७९ मध्ये वुलिचचे गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी, तोवर अनुभवाने ठरत असलेली गोष्ट एका सूत्रात बसवली. शिशाच्या गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या जितक्या पट असेल, त्या संख्येने १५० ला भागावे. भागाकार जितका येईल तितक्या व्यासांच्या अंतरात गोळीचा एक फेरा पूर्ण झाला पाहिजे. तिप्पट लांबीच्या व्हिटवर्थ गोळीला हे सूत्र लावले तर ५० व्यास, म्हणजे सुमारे साडेबावीस इंच येतात. व्हिटवर्थ यांनी कागदाच्या पडद्यांवरून ठरवलेले २० इंच त्याच्या किती जवळ होते, हे पाहिले की त्या प्रयोगांची प्रत ध्यानात येते.

अमेरिकेत यानंतर नळी आणखी अरुंद होत गेली. स्टीव्हन्स कंपनीने ०.२५ इंचासाठी ८६ ग्रेनची, ०.२८ साठी १२० ग्रेनची आणि ०.२२ साठी ६० ग्रेनची गोळी दिली. हे आकडे लहान दिसतात, पण प्रमाण तेच ठेवून व्यास निम्मा केला की वजन एक-अष्टमांश होते. व्हिटवर्थची ५३० ग्रेनची गोळी ०.२२ इंचात उतरवली तर ती सुमारे ६२ ग्रेनच भरेल. म्हणजे ६० ग्रेनची ती गोळी तिच्या नळीच्या मानाने जवळपास तितकीच जड होती. आणि काजळी मात्र नळीबरोबर लहान होत नव्हती.

एकबारी रायफलीचा खरा फायदा येथे उपयोगी पडला. पेटीतून सरकण्याचे बंधन नसल्याने गोळी काडतुसात बसवलीच पाहिजे असे नव्हते. हार्टफर्डचे हॅरी पोप यांनी गोळी नळीच्या पुढच्या तोंडातून आत सारण्याची पद्धत पूर्णत्वास नेली. नळीचेच कापून वेगळे केलेले टोक पुन्हा खिळ्यांवर अचूक बसवायचे, त्यातून गोळी खाचांत धरून गजाने तळापर्यंत न्यायची, टोक काढून ठेवायचे आणि मग दारूने भरलेले काडतूस मागून घालायचे, अशी ती कृती होती. गोळी खाचांतून मागून पुढे जाताना शिशाचे बारीक पदर तिच्या बुडाच्या कडेला मागे ओढले जातात. पुढून आत घातली तर ते पदर तोंडाच्या बाजूला राहतात आणि बूड स्वच्छ राहते.

या बुडाचे महत्त्व मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचे डॉ. फ्रँकलिन मॅन यांनी दाखवून दिले. वैद्यकाची पदवी असूनही कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे बारीक करणाऱ्या यंत्रांच्या धंद्यावर त्यांचा चरितार्थ चाले. उरलेला वेळ ते गोळ्यांवर खर्च करीत. हाताचा दोष वगळण्यासाठी त्यांनी नळी जमिनीत पक्क्या रोवलेल्या जड आधारावर ठेवली, आणि मुद्दाम विद्रूप केलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या. टोक ठेचलेली गोळी जवळपास नेहमीच्याच जागी लागे, बुडाची कड किंचित बिघडलेली मात्र दूर भरकटे. लांब, मऊ गोळी नळीत दारूच्या धक्क्याने आखडते आणि कधी एका बाजूस कलते, हेही त्यांच्या ध्यानात आले. जड गोळीसाठी शिशात थोडे कथील मिसळण्याच्या जुन्या रीतीला त्यातून कारण मिळाले. त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील कित्येक पाने फसलेल्या चाचण्यांनी भरलेली आहेत, आणि अभ्यासकाला तीच अधिक मोलाची वाटावीत.

धूरविरहित दारू व धातूचे कवच असलेल्या गोळ्या आल्यावर हा शोध मंदावला, पण थांबला नाही. ०.२२ इंचाच्या प्रचलित ४० ग्रेनच्या गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीहून किंचित अधिक असल्याने तिला १६ इंचांत एक फेरा पुरतो, आणि बहुतेक नळ्या त्याच पिळाच्या असतात. मेक्सिकोच्या अगीला कंपनीने आखूड काडतुसात ६० ग्रेनची गोळी बसवून विकायला आणली, तेव्हा ती अशा नळ्यांतून आडवी होऊन कागदावर लांबट छिद्र पाडू लागली, कारण ग्रीनहिलच्या हिशेबाने तिला सुमारे ११ इंचांत एक फेरा हवा होता. एकबारी रायफल बाळगणारे हौशी नेमबाज तेव्हापासून ९ इंची पिळाच्या नळ्या बसवून घेऊ लागले, आणि त्याच नळीतून ४० ग्रेनची गोळीही ठीक जाते, कारण जादा पिळाने होणारे नुकसान अपुऱ्या पिळाच्या मानाने फारच थोडे असते.