नाखव्याच्या हातातला फोन

मराठवाड्याला समुद्र नाही. तेव्हा समुद्रावरच्या कोळ्यांच्या फोनची गोष्ट छत्रपती संभाजीनगरात बसून कशाला सांगायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पैठणला आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली, २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले, आणि गोदावरी अडून जो नाथसागर तयार झाला तो पूर्ण भरला म्हणजे सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतो. रोहू, कटला, मृगळ या मासळीवर पोट असणारी पुष्कळ घरे त्याच्या काठाने आहेत. समुद्रावरचा कोळी फोनकडून काय घेतो आणि फोन त्याला कोठे दगा देतो, हे समजून घेतले तर ते आपल्याकडच्या मच्छीमारालाही उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. फोन मासा धरीत नाही. मासा जाळ्यानेच धरावा लागतो. फोन फक्त बातमी आणतो. धंदा करणाऱ्या कोळ्याला तीन बातम्या हव्या असतात: मासळी कोठे आहे, भाव कोठे आहे आणि वादळ कोठे आहे. यांतली प्रत्येक बातमी साखळीसारखी येते, आणि साखळीची एक कडी निसटली की बाकीची साखळी कितीही मजबूत असो, तिचा उपयोग नाही.

पहिली बातमी मासळीची. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आहे. त्याला थोडक्यात ‘इन्कॉइस’ म्हणतात. उपग्रह दोन गोष्टी पाहतात: समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्याचा रंग. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सोडलेला ओशनसॅट मालिकेतला उपग्रह याच कामाचा आहे. आता रंगाचा आणि माशाचा संबंध काय? पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती वाढल्या म्हणजे तिथे हरितद्रव्य वाढते व पाण्याचा रंग बदलतो. त्या वनस्पती खायला बारीक जीव येतात, त्यांच्या मागे लहान मासे आणि लहानांच्या मागे मोठे. शिवाय थंड व उबदार पाणी जिथे एकमेकांना भिडते तिथेही खाद्य साठते. जिथे चारा तिथे गुरे, तसाच हा प्रकार.

या निरीक्षणांवरून केंद्र मासळी मिळण्याचा संभव असलेली क्षेत्रे ठरवते. कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेला, किती किलोमीटरवर, किती खोल पाण्यात, हे मराठीतूनही सांगितले जाते. पूर्वी हा मजकूर बंदरावरच्या फलकावर लावीत. आता तो ॲपवर, म्हणजे फोनमध्ये एका ठराविक कामासाठी बसवलेल्या साधनावर, येतो. फायदा असा की नाखवा मासळी शोधीत डिझेल जाळीत हिंडत नाही, नीट ठिकाणावर जातो. मात्र हा संभव आहे, हमी नव्हे. शिवाय आकाश ढगाळ असले म्हणजे या उपग्रहांना खालचे पाणी दिसत नाही. म्हणून जाणता तांडेल फोन पाहतो, आणि वारा, भरती-ओहोटी व पाण्याचा रंगही पाहतो.

दुसरी बातमी भावाची. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने उत्तर केरळातल्या तारली पकडणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास करून २००७ साली तो प्रसिद्ध केला. १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी वडकरा येथे अकरा कोळी गिऱ्हाईक नाही म्हणून आपली मासळी टाकून देण्याच्या बेतात होते. त्याच वेळी १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांत सत्तावीस गिऱ्हाइके मासळी न मिळाल्याने हात हलवीत परत निघाली होती! मासळी होती, गिऱ्हाईक होते, मध्ये बातमी तेवढी नव्हती.

१९९७ ते २००१ या काळात त्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल फोन आला. कोळी होडीतूनच चार बाजारांत फोन करून भाव विचारू लागले. पूर्वी शेकडा पाच ते आठ मासळी वाया जात असे, ती नासाडी जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. दोघांचाही फायदा झाला, कारण मधली नासाडी गेली. आणि लक्षात ठेवा, तेव्हा ॲप नव्हते. नुसते बोलणे होते. आज तेच काम व्हॉट्सअॅपच्या गटावर मासळीचे छायाचित्र पाठवून होते.

पण इथेही एक कडी कच्ची असते. ज्याने व्यापाऱ्याकडून जाळ्यासाठी किंवा इंजिनासाठी उचल घेतली आहे आणि मासळी त्यालाच घालण्याचे कबूल केले आहे, त्याला दुसऱ्या बाजारचा भाव कळून काय उपयोग? भाव फोनवर दिसतो, पण पाय बांधलेला असतो. हे कर्ज फोनने फिटत नाही. त्यासाठी सहकारी संस्थेने किंवा बँकेने वेळेवर पैसा दिला पाहिजे. बर्फाचेही तसेच. बर्फ नसेल तर चांगल्या भावाची वाट पाहीपर्यंत मासळी खराब होते.

तिसरी बातमी वादळाची, आणि तिथे प्रश्न जिवाचा असतो. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी चक्रीवादळ उठले तेव्हा केरळ व तामिळनाडूचे अनेक कोळी आधीच खोल समुद्रात गेलेले होते. इशारा किनाऱ्यावर पोहोचला, त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. कितीतरी जण परत आले नाहीत. याचे कारण साधे आहे. मोबाइल फोनची पोच किनाऱ्यापासून साधारण १० ते १२ किलोमीटर, काही ठिकाणी थोडी जास्त. त्यापुढे हातातला फोन मुका होतो.

या उणिवेवर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जेमिनी’ नावाचे छोटे यंत्र पुढे आणले गेले. ते उपग्रहाकडून थेट इशारा घेते आणि बिनतारी पद्धतीने जवळच्या फोनला देते. मात्र त्यात बोलणे एकाच बाजूने होते. कोळ्याला उलट हाक मारता येत नाही. पुढे इस्रोने दोन्ही बाजूंनी निरोप देता-घेता येईल असे यंत्र तयार केले. ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्याच राज्यातल्या पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते त्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख नौकांवर ही यंत्रे बसवण्याची ती योजना आहे. नौका संकटात सापडली तर तिचा निरोप किनाऱ्यापर्यंत यावा, हा तिचा हेतू.

आता नाथसागराकडे वळू. उघड्या पाण्यावर होडीत बसलेला माणूस हा आसमंतातला सर्वांत उंच उभार असतो, म्हणून विजेचा धोका त्याला फार. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ नावाचे ॲप आहे. आपल्या भोवती २० ते ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत असेल तर ते सावध करते. ते शेतकऱ्यालाही तितकेच उपयोगी आहे. पण होडी पाण्यात ढकलण्याआधी ते पाहिले पाहिजे, आणि इशारा दिसताच काठ गाठला पाहिजे. जाळे ओढून होईपर्यंत थांबू म्हणणे धोक्याचे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. वर्गात नकाशा मांडून हे गणित मुलांना घालावे. समजा, हर्णै बंदरापासून २७० अंशांच्या दिशेला ३६ किलोमीटरवर मासळीचा संभव सांगितला आहे, आणि होडीचा वेग ताशी १२ किलोमीटर आहे. होडी कोणत्या दिशेला जाईल? किती तासांनी पोहोचेल? फोनची पोच १२ किलोमीटर धरली तर ती किती वेळात संपेल? उत्तरे येतील: पश्चिमेला, तीन तासांनी आणि पहिल्याच तासात. मग मुलांना विचारावे, उरलेले दोन तास नाखव्याने काय करावे? हवामान निघण्यापूर्वी पाहावे, जागेचे आकडे आधीच फोनमध्ये साठवावेत. आपण कोठे आहोत हे मात्र फोनला पोच नसतानाही कळते, कारण ती खूण तो थेट उपग्रहांकडून घेतो.

मच्छीमार बांधवांना सांगणे एवढेच की नवा फोन घेताना, यात काय काय आहे, हे विचारता, तसे हेही विचारा: ही बातमी माझ्यापर्यंत कोणत्या वाटेने येते, ती वाट कोठे तुटते, आणि तुटली तर माझ्याजवळ दुसरा कोणता आधार आहे? ज्याने या तीन प्रश्नांची उत्तरे होडी सोडण्यापूर्वी शोधली, त्याला फोनचा उपयोग खरा कळला.