इंडियागेम्स : एका खेळनिर्मिती कंपनीचा उदय आणि अस्त

उरण तालुक्यातील करंजा येथील होड्या समुद्रातून मासळी आणतात. परंतु तिचा मोठा व्यवहार होत आला तो मुंबईच्या ससून डॉकमध्ये आणि भाऊच्या धक्क्यावर. मासळी पकडणारा एक, धक्का दुसऱ्याचा, आणि भाव ठरावयाचा तो धक्क्यावर, ही गोष्ट उरणकरांस नव्याने सांगावयास नको. खाडीपलीकडच्या मुंबईतच उदयास आलेल्या इंडियागेम्स या संगणकीय खेळांच्या कंपनीचा इतिहास याच न्यायाने उलगडतो.

विशाल गोंदल यांनी ही कंपनी १९९९ साली स्थापन केली. त्या काळी घरोघरी संगणक नव्हते आणि पैसे देऊन खेळ विकत घेणारा वर्ग अगदी थोडा होता. पुढे मोबाइल फोनचा प्रसार झाला, तेव्हा कंपनीस खरी बाजारपेठ लाभली. २००४ च्या अखेरीस चीनमधील टॉम ऑनलाइन या कंपनीने तिचे बहुसंख्य भाग घेण्याचे ठरविले; २००७ मध्ये यूटीव्हीने तिच्यावर ताबा मिळविला. ‘बायोशॉक’ या गाजलेल्या अमेरिकी खेळाची मोबाइल आवृत्ती तिनेच तयार केली.

या उत्कर्षाचे कारण केवळ खेळांच्या गुणवत्तेत शोधणे पुरेसे नाही. त्या काळचा ग्राहक फोनसेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या यादीतून खेळ निवडी, आणि त्याची किंमत त्याच्या फोनच्या शिलकीतून वळती होई. त्या रकमेचा मोठा वाटा फोनकंपनी ठेवून घेई; उरलेला खेळ करणाऱ्यास मिळे. शिवाय प्रत्येक फोनचा पडदा निराळा, कळांची मांडणी निराळी. त्यामुळे एकच खेळ असंख्य प्रकारच्या फोनांसाठी पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावा लागे. हे कष्टाचे काम पेलण्यास मोठा कारागीरवर्ग लागे. ज्याच्याजवळ तो होता आणि ज्याचा फोनकंपन्यांशी करार होता, त्याला प्रतिस्पर्धी थोडे होते.

२००८ मध्ये ॲपल व गूगल यांनी आपापली ॲपविक्रीची दालने उघडली, आणि हळूहळू धक्काच बदलला. स्पर्शपडद्याच्या फोनांमुळे जुळवणीचे काम पुष्कळ हलके झाले. जगातील कोणताही खेळ भारतीय ग्राहकास थेट, बहुधा फुकट, मिळू लागला. उत्पन्न जाहिरातींतून व खेळांतर्गत खरेदीतून काढावे लागले. २०१३ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मूल्यवर्धित सेवांसाठी ग्राहकाची दुहेरी संमती आवश्यक ठरविली, तेव्हा जुन्या मार्गाचे उत्पन्नही आटले. तत्पूर्वीच, २०१२ मध्ये, यूटीव्हीसह ही कंपनी डिस्नेच्या स्वामित्वाखाली गेली होती. गोंदल बाहेर पडले व २०१४ मध्ये त्यांनी ‘गोकी’ ही आरोग्यविषयक कंपनी काढली. इंडियागेम्स हे नाव बाजारातून मावळले.

भाषेच्या अभ्यासकास यात आणखी एक गोष्ट दिसते. हुतूतूच्या मैदानावर गडी ‘मरतो’ आणि पुन्हा ‘जिवंत’ होतो. म्हणजे खेळातील जीव ही कल्पना मराठीस परकी नव्हती. तरीही मोबाइलवर खेळणारा मुलगा ‘एक लाइफ गेली’ असेच म्हणतो, कारण खेळातील सूचना बहुधा इंग्रजीत असत. मात्र त्याने ‘लाइफ’ला मराठी स्त्रीलिंग व मराठी क्रियापद दिले. ज्या फोनांवर ते खेळ चालत ते अडगळीत गेले आणि त्यांच्याबरोबर खेळही गेले. मुलांच्या तोंडचा हा शब्दप्रयोग मात्र टिकला. हे शब्द जेथून आले ते खेळ करणारे व खेळणारे आज हयात आहेत, तोवरच त्यांची नोंद करून घेणे इष्ट होय. मासळी कोणी आणली हे धक्का लक्षात ठेवीत नसतो.