झेंटँगलच्या वर्गात जिभेची तालीम

मनःशांती शिकवायला शिकायला आलेली माणसं चहाच्या सुट्टीत कशी धावतात, ते मी प्रॉव्हिडन्समध्ये पाहिलं. हॉलच्या कडेला विक्रीचं टेबल होतं. मातकट रंगाच्या टाइल्स संपत आल्यात अशी कुजबूज झाली मात्र, सकाळभर सावकाश रेघा ओढणाऱ्या बायका कोपरानं वाट काढत तिथे पोचल्या. माझ्यापुढच्या निवृत्त नर्सबाई मागे वळून म्हणाल्या, "ध्यान दुपारी. आधी हे."

टाइल म्हणजे फरशी नव्हे, साडेतीन इंचांचा चौकोनी कागद. झेंटँगल या नक्षी काढत ध्यान करायच्या पद्धतीचं सगळं काम याच्यावर चालतं. मॅसॅच्युसेट्समधल्या व्हिटिन्सव्हिल गावच्या मारिया थॉमस आणि रिक रॉबर्ट्स या जोडप्यानं ही पद्धत बसवली. मारिया सुलेखनकार, तर रिक एकेकाळी संन्याशासारखं जगलेले. एका मोठ्या अक्षरामागे बारीक नक्षी भरताना मारियाचं वेळेचं भान हरपलं. तिनं ते सांगितलं, तेव्हा रिकनं ओळखलं की ही ध्यानाचंच वर्णन करतेय. मी गेले तेव्हा ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला शिक्षकांचे वर्ग भरत आणि तिथून माणसं 'सर्टिफाइड झेंटँगल टीचर' होऊन बाहेर पडत.

सामान मोजकंच, पण त्यातला प्रत्येक निर्णय विचारपूर्वक घेतलेला. कागद फाब्रियानो या इटालियन कंपनीचा, तोही जाड, खरबरीत कडांचा. शाळेच्या वहीच्या कागदासारखा तो वाटत नाही, त्यामुळे हात आपोआप जपून चालतो. आकार एवढा लहान, की एका बैठकीत पुरा व्हावा. पेन पाव मिलिमीटरच्या टोकाचं, शाई न पुसली जाणारी. खोडरबर नाहीच. टाइलला वरची-खालची बाजू नसते, ती फिरवत फिरवत काढायची. चार कोपऱ्यांत पेन्सिलीचे चार ठिपके द्यायचे, ते जोडून चौकट करायची, आत एक स्वैर रेघ सोडायची. तिला म्हणतात स्ट्रिंग. तिनं पाडलेल्या कप्प्यांत पेननं नक्षी भरायची, तिला म्हणतात टँगल. मग पेन्सिलीनं छटा. कोऱ्या कागदाची जी धास्ती मोठ्या माणसांना वाटते, ती चार ठिपक्यांतच निम्मी उतरते. हे मला फार हुशारीचं वाटतं.

मी गेले होते चार नव्या नक्षी शिकायला. तिथे तालीम झाली ती जिभेची.

हॉलीबॉ नावाचं टँगल घ्या. दोन समांतर रेघांची एक पट्टी, मग तिच्या मागून जाणारी दुसरी, तिच्याही मागून तिसरी. जी पट्टी पुढे, ती आधी काढायची. मागचीनं तिच्यापाशी थांबायचं आणि पलीकडून पुन्हा निघायचं. काढून दाखवणं सोपं. पण समोरच्याला घाई होऊ न देता, "चुकलं" न म्हणता, "हे बांबूसारखं दिसतंय" असं न सुचवता सांगून बघा! टँगल कशासारखंही दिसायची गरज नाही. उपमा दिली, की माणूस रेघ सोडून बांबू काढायला लागतो आणि बांबू जमला नाही म्हणून खट्टू होतो. आमच्या टेबलावर शाळेत चित्रकला शिकवणारे एक गृहस्थ होते. प्रत्येक वाक्यात त्यांचं पान, पीस, लाट यायचंच. रात्री हॉटेलच्या लॉबीत सरावाला बसलो, की त्यांच्या प्रत्येक उपमेला आम्ही टेबलावर टिचकी मारायचो. पहिल्या रात्री तबला वाजत असल्यासारखं वाटत होतं. सरावाला गिऱ्हाईक हवं म्हणून आम्ही रिसेप्शनवरच्या पोरालाही बसवलं. त्याला क्रेसेंट मून शिकवलं: कडेला काळे अर्धगोल भरायचे, त्यांच्याभोवती एकाबाहेर एक रेघा फिरवत जायचं, त्या एकमेकींना भिडल्या की थांबायचं. आम्हा सगळ्यांत सगळ्यात संथ हात त्याचा. फोन वाजत राहिला.

रोज सगळ्यांच्या टाइल्स शेजारी शेजारी मांडून मोठा चौकोन करायचा. त्याला मोझॅक म्हणतात. एकेकटी टाइल साधी दिसते, पण शंभरेक एकत्र आल्या की भिंतभर गालिचा होतो. त्यात वैयक्तिक असं काही उरत नाही, असं आम्ही सगळेच मान डोलावून म्हणायचो आणि आधी आपापली टाइल शोधायचो.

माझ्या तुकडीत चित्राची परीक्षा कुणी घेतली नाही. प्रमाणपत्र आहे ते शिकवण्याचं. झेंटँगल हे नोंदणीकृत नाव असल्यानं त्या नावानं वर्ग घ्यायचा, तर पद्धतही तीच पाळावी लागते.

माझा पहिला वर्ग न्यू जर्सीत, आमच्या ओळखीच्या मराठी घरांतल्या बायकांचा. चार ठिपके द्या म्हटल्यावर एका काकूंनी विचारलं, "पुढचे किती? सात ते एक, की सात ते चार?" पुढचे ठिपके नाहीत हे ऐकून त्या जरा नाराज झाल्या, पण हात रांगोळीचा. रेघ एकदाही अडली नाही. शेवटी, नियमाप्रमाणे, टाइल हात लांब करून धरायची आणि न्याहाळायची. काकूंनी ती तशी धरली, मग माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर आलंय का?"

"तुम्हाला काय दिसतंय, काकू?"

"मला दिसतंय गं. तू शिकून आलीस ना एवढी, मग 'छान' म्हणायला काय पैसे पडतात?"